हिला एकटं सोडू नका, असं म्हणू नका



या पानावर मी आजवर दोनदाच लिहिलंय. एकदा रामबागेतल्या आमच्या जुन्या घराबद्दल आणि एकदा सासूबाईंच्या हातच्या भुट्ट्याच्या किसाबद्दल. दोन्ही वेळा तुम्ही भरभरून उत्तरं दिलीत. आजचं लिखाण तसं गोड नाही, थोडं भांडणाचंही आहे. आधीच सांगून ठेवते.

गेल्या महिन्यात आमच्या घरात मुंज झाली. बटू भिक्षावळीला निघाला तेवढ्यात माझी पुतणी, वय वर्षं चोवीस, हॉलच्या मागच्या जिन्यात बसलेली सापडली. एक हात छातीवर, दुसऱ्या हाताची बोटं आखडलेली, चेहरा पांढराफटक. पाच मिनिटांत तिच्याभोवती बायकांचं कोंडाळं जमलं. एक म्हणाली, सकाळपासून उपाशी आहे, पित्त उसळलंय. दुसरीने पर्समधून ओवा काढला. तिसरी मीठ-मोहरी आणायला आचाऱ्याकडे धावली, "एवढी नटली होती, दृष्ट लागणार नाही तर काय!" कुणी शुगर बघा म्हणालं, कुणी गॅस वर चढलाय म्हणालं. तिचे वडील गाडी काढायला पळाले.

मी तिच्या खालच्या पायरीवर बसले आणि एवढंच विचारलं, "याआधी झालंय का असं?" तिने मान हलवली. दोनदा झालं होतं. दोन्ही वेळा दवाखान्यात नेलं होतं, ईसीजीपासून सगळं तपासून झालं होतं आणि सगळं ठीक निघालं होतं. मी म्हटलं, "मग बस. मीही बसते. चढायचं तेवढं चढेल आणि उतरेल." अर्ध्या तासाने ती पंगतीत बसून श्रीखंड-पुरी खात होती.

इथवर ठीक. पण हात धुताना तिची आई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आता हिला एकटं म्हणून कुठे सोडायचं नाही." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तिथे गप्प बसले. मंगलकार्यात काय वाद घालायचा! पण ते वाक्य डोक्यातून जात नाही, कारण त्या वाक्यात मी स्वतः पाच वर्षं काढली आहेत.

माझी सुरुवात २००९ सालची. मी त्रेचाळीस वर्षांची होते, शाळेत गणित शिकवत होते. सानंदचं नाटक होतं आणि जागा मिळाली होती ओळीच्या अगदी मधोमध. नाटक विनोदी, लोक हसून राहिले होते. (पुण्याच्या माझ्या नणंदा या "हसून राहिले"ला हसतात. हसू देत.) मीही हसत होते, आणि काही कारण नसताना काळीज कानात वाजायला लागलं. हातपाय गार. ओठांभोवती मुंग्या. छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं. आणि डोक्यात एकच विचार, अगदी स्पष्ट, की मी आत्ता इथे मरणार, आणि मरायच्या आधी बाहेर पडायला ही अख्खी ओळ उठवावी लागणार. दोन्हीपैकी दुसऱ्याचीच जास्त लाज वाटत होती, हे आज सांगायला हरकत नाही.

रात्री इमर्जन्सीत नेलं. ईसीजी साफ. ड्यूटीवरचा तरुण डॉक्टर म्हणाला, "मॅडम, कुछ नहीं है. टेंशन मत लो."

"कुछ नहीं है" या तीन शब्दांवर माझा राग आहे. पहिल्या रात्री ते ऐकून सुटल्यासारखं वाटलं. पण आठ दिवसांनी तेच पुन्हा झालं, मग शाळेत झालं, मग भाजी घेताना झालं, तेव्हा त्या शब्दांचे दोनच अर्थ उरले. एक तर डॉक्टरांना सापडलेलं नाही, किंवा मी नाटक करतेय. पहिल्या अर्थापायी मी चौदा महिन्यांत सहा ईसीजी काढले. थायरॉइड पाहिलं, हिमोग्लोबिन पाहिलं, दोन पथ्यं झाली. खजराण्याच्या गणपतीला मागच्या भिंतीवर उलटा स्वस्तिक काढून आले. दुसऱ्या अर्थाबद्दल घरात कुणी उघड बोललं नाही, पण मला ऐकू येत होतं.

नावाचाही घोळ होता. आपल्या इंदुरी मराठीत याला एकच शब्द, घबराहट. गाडी चुकेल म्हणून घबराहट, निकाल लागायचाय म्हणून घबराहट आणि जीव जातोय असं वाटतं तीही घबराहटच. एवढ्या मोठ्या पिशवीत घातल्यावर सापडणार काय? पुढे "पॅनिक अटॅक" हा शब्द मिळाला, पण त्याची अडचण वेगळीच निघाली. माझ्या मुलाने देवासला आजीला फोनवर सांगितलं, "आईला पॅनिक अटॅक आला." माझ्या आईने त्यातलं फक्त "अटॅक" ऐकलं. तासाभरात देवासहून दोन गाड्या भरून माणसं दारात. मी ओट्याशी उभी राहून पोह्यांना फोडणी घालत होते.

शेवटी २०१० च्या अखेरीस मनोविकारतज्ज्ञांकडे गेले. कशी गेले? इथल्या मुली स्कूटरवर बांधतात तसा दुपट्टा तोंडाला गुंडाळून. प्रत्येक गावाचं एक नाव चेष्टेसाठी ठरलेलं असतं, पुण्याचं येरवडा, आपलं बाणगंगा. मलाही वाटलं की पायरी चढले म्हणजे शिक्का बसला. आत बाकावर आमच्या ओळखीतल्या एक बाई बसल्या होत्या, हळदीकुंकवाला दर वर्षी भेटणाऱ्या. त्यांचाही दुपट्टा. आम्ही एकमेकींना ओळखलं नाही. आजतागायत ओळखलेलं नाही.

डॉक्टरांनी जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. घरातलं कुत्रं पहाटे दूधवाल्यावर भुंकतं. चोर नसतो, पण भुंकणं खोटं नसतं. घर जागं होतं, काठ्या निघतात. शरीराचं तसंच होतं. धोका दिसला की रक्तात अ‍ॅड्रिनलिन सुटतं, हृदय जोरात पळतं, श्वास भराभर होतो, म्हणजे माणसाला पळता यावं किंवा लढता यावं. इथे धोकाच नसतो, तयारी मात्र पुरी होते. नाटकाच्या खुर्चीत बसून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि त्यातूनच त्या मुंग्या, ती चक्कर, ती आखडलेली बोटं. हे सगळं साधारण दहा मिनिटांत शिखराला पोचतं आणि मग ओसरतं. शरीर त्या वेगाने फार वेळ पळूच शकत नाही. कागदी पिशवी तोंडाला लावायचं सिनेमात दाखवतात, ते करू नका. खरोखर दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर त्याने नुकसान होतं. आणि हो, छातीत पहिल्यांदा असं काही झालं तर आधी हृदय तपासायचं, त्यात हयगय नको. सहा वेळा तपासायचं की एकदा, एवढाच माझा मुद्दा.

गोळ्या सुरू झाल्या. रोज घ्यायची गोळी लागू पडायला काही आठवडे जातात हे त्यांनी बजावून सांगितलं होतं, तरी मी दहाव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून रडले. दुसरी एक बारकी गोळी शेजारच्या वहिनींकडून उसनी आणत असे. जादूसारखी गुण द्यायची. तिची सवय लागते हे डॉक्टरांना सांगितल्यावर कळलं आणि सोडायला त्रास झाला. साखर उसनी मागावी तशी आपण ही गोळी एकमेकींकडे मागतो. नका करू.

झटके कमी झाले. पण खरी गोष्ट इथून पुढे आहे.

पहिल्या दिवसापासून घराने मला सोबत द्यायला सुरुवात केली होती. हे मला स्कूटरवर शाळेत सोडत आणि दुपारी आणायला येत. माझी स्कूटी अंगणात धूळ खात पडली. मुलगा बाजारात बरोबर. हे रात्री दौऱ्यावर असले की सासूबाई माझ्या खोलीत झोपत. नाटकाला गेलो की कुणी तरी आपली कडेची खुर्ची मला देई. सगळे म्हणत, "नशीबवान आहेस, किती करतात तुझं!" खरंच करत होते. एका शब्दाने कुणी टोचलं नाही.

आणि माझं जग महिन्या-महिन्याला एकेक वीट कमी होत गेलं. आधी रेल्वे गेली, पुण्याचं सख्ख्या मावसबहिणीचं लग्न चुकवलं. मग लिफ्ट गेली. मग रात्रीचा सराफा. मग शाळेतली सकाळची प्रार्थना, कारण रांगेत मध्ये उभं राहायचं. मग घरात एकटं राहणं. शेवटी मी न्हाणीघराची कडी लावणं बंद केलं. न जाणो आत काही झालं तर! अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, दोन वर्गांना बीजगणित शिकवणारी, दार लोटून आंघोळ करत होती आणि बाहेर सासूबाई पाटावर बसून असत.

गोळ्यांनी झटका थोपला होता, पण "एकटी असते तर मेले असते" ही खात्री रोज पक्की होत होती. कशाने? सोबतीने. हे बरोबर असताना काही झालं नाही, म्हणजे ते बरोबर होते म्हणूनच झालं नाही, असा माझा हिशेब. गणिताच्या बाईचा हिशेब! तो खोटा आहे हे कळायला एकदा तरी एकटं जायला हवं होतं, आणि ते सगळ्यांनी मिळून प्रेमाने अशक्य करून ठेवलं होतं.

२०१४ साली दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्याकडे एक समुपदेशक बाई होत्या. त्यांनी मला फिरत्या खुर्चीत बसवून गरागरा फिरवलं. जागच्या जागी पळायला लावलं. सरबताच्या नळीतून श्वास घ्यायला लावला. काळीज धडधडलं, चक्कर आली, मुंग्या आल्या, आणि मी मेले नाही. दर आठवड्याला हे. मग त्या यांना म्हणाल्या, "परवापासून तुम्ही त्यांना शाळेत सोडायला जायचं नाही."

हे दुखावले. पाच वर्षं पाऊस-पाणी न बघता नेलं-आणलं होतं, त्याचं हे फळ? सासूबाई म्हणाल्या, "त्या बाईला घरदार नाही वाटतं." चार दिवस घरात अबोला होता. खरं सांगते, मी मनातून सासूबाईंच्या बाजूची होते.

पहिला धडा ठरला रामबागेतून राजवाड्यापर्यंत चालत, एकटीने. वीसेक मिनिटांचा रस्ता, जन्मभर तुडवलेला. नगर निगमपर्यंत ठीक गेले. कृष्णपुऱ्याच्या पुलावर आलं. छत्र्या समोर दिसत होत्या, मागे फिरावं की पुढे जावं कळेना. शिकवलं होतं, फिरायचं नाही, पळायचं नाही, थांबायचं. कठडा धरून उभी राहिले. काळीज चढत गेलं, घाम, मुंग्या, सगळं हजर. बाजूला हातगाडीवर जाम विकणारा होता, म्हणाला, "भाभीजी, तबियत ठीक है?" माझ्या तोंडून निघालं, "हाँ भैया, दस मिनट में ठीक हो जाएगी." पाच वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा बोलले होते. घड्याळ बघत उभी राहिले. आठ मिनिटं लागली. त्याच्याकडून पाव किलो जाम घेतले आणि राजवाड्याला जाऊन ओटल्यावर बसून खाल्ले.

परतताना निगमच्या कोपऱ्यावर आमची स्कूटर उभी दिसली. शेजारी हे, हेल्मेट घालून, पेपर उघडून. मी काही बोलले नाही, पुढे गेले. घरी आल्यावर म्हटलं, "उद्या येऊ नका. तुम्ही आलात की ते मोजलं जात नाही." ते बराच वेळ हेल्मेट हातात धरून उभे होते. मग म्हणाले, "मलाच घबराहट होते गं, तू गेल्यावर." तेव्हा कळलं की ती सोबत निम्मी त्यांच्यासाठी होती.

आता भांडणाचं. आपण इथली मराठी माणसं सोबतीवर जगलेली आहोत. होळकरांच्या मागोमाग आपले पूर्वज माळव्यात आले, १८१८ नंतर राजधानी इंदुरात आली आणि इथे वस्ती वाढली. परक्या मुलखात चार घरं एकत्र राहिली म्हणून भाषा टिकली, गणपती टिकले, भिशी टिकली. कुणाकडे आजारपण आलं तर डबा न सांगता पोचतो. याचा मला अभिमान आहे, पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना मी हे ऐकवतेसुद्धा. पण डबा पोचवणारी सोबत वेगळी आणि दाराबाहेर पाट टाकून बसणारी वेगळी. माणूस हादरलेला असतो तेव्हा दहा मिनिटं शेजारी बसा, शांत बसा, श्वास सावकाश घे म्हणा. ओवा-लिंबू काही विचारू नका. ओसरलं की आपापल्या कामाला लागा आणि त्यालाही लागू द्या. दुसऱ्या दिवशी त्याच्या हातातली पिशवी काढून घेऊ नका. एकदम वाऱ्यावर सोडा असं मी म्हणत नाही, जाणकाराला विचारून पायरी-पायरीने सोडा, पण सोडा.

लपवण्याबद्दलही बोलायला हवं. मुंजीतच वहिनींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "कुणाला बोलू नका हं, स्थळं बघतोय." मला त्यांना नावं ठेवता येत नाहीत. २०१६ ला माझ्या मुलाचं जमत होतं तेव्हा मी गोळ्यांची पट्टी मसाल्याच्या डब्याखाली ठेवली होती. लग्नानंतर विहीणबाईंना सांगितलं. त्या चांगल्या आहेत, पण नातू झाल्यावर वर्षभर त्याला माझ्याजवळ एकटं ठेवू दिलं नाही. कारण काही तरी वेगळंच सांगायच्या. मला कळायचं. सांगितल्याची किंमत पडते, पडत नाही असं मी म्हणणार नाही. पण त्या बाकावरच्या दुपट्टेवाल्या बाई आणि मी, आम्ही दोघी वर्षानुवर्षं एकमेकींना वाण देतो आणि एक शब्द बोलत नाही, ही किंमत जास्त आहे असं मला आता वाटतं. त्या हे वाचत असतील तर, ताई, मी तुम्हाला ओळखलं होतं.

ज्यांना डॉक्टरांची पायरी चढणं आज जमत नाही त्यांच्यासाठी, सरकारची टेलि-मानस नावाची फोनसेवा २०२२ पासून आहे. नंबर १४४१६, पैसे लागत नाहीत, रात्रीही चालते. दुपट्टा बांधावा लागत नाही.

पुतणीने मुंजीनंतर मला गच्चीत गाठलं. "काकू, तुमचं पूर्ण बरं झालं?" मी खोटं बोलले नाही. मागच्या दिवाळीत लिफ्टमध्ये आला होता, चौथा मजला येईपर्यंत काळीज पळत होतं. मी बाहेर पडून फराळाचा डबा द्यायचा तो दिला, दारात उभ्याने गप्पा मारल्या आणि उतरताना पुन्हा लिफ्टनेच उतरले. ती म्हणाली, "म्हणजे येतच राहणार?" म्हटलं, "कधी कधी येईल. पाहुणा आहे, चहा न पिता जातो."

तिला पुण्यात नोकरी लागली आहे. पुढच्या आठवड्यात निघायचंय, इंदूर-पुणे गाडीने, एक रात्र. आईने स्वतःचंही तिकीट काढून ठेवलं होतं, महिनाभर तिथे राहायच्या तयारीने. परवा मी जाऊन वहिनींशी दोन तास बोलले. तिकडच्या डॉक्टरांचं नाव आणलं आहे, पहिली भेट ठरली आहे, मुलगी स्वतः एकटी जायला तयार आहे, हे सगळं सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही जबाबदारी घेता?"

मी म्हटलं, घेते. वहिनींनी तिकीट रद्द केलं. त्या रात्री मला मेलीला झोप लागली नाही.